फुटक्या टाईल्सच्या कुंड्या: आधी पाण्याचं बघा

आमच्याकडे बाथरूमचं काम निघालं तेव्हा जुन्या निळ्या टाईल्सच्या दोन गोण्या निघाल्या. टाकवेनात. मग मे महिन्याच्या सुट्टीत घरातल्याच पांढऱ्या गोंदाने त्यांचे तुकडे चिकटवून दोन मातीच्या कुंड्या सजवल्या. एक अंगणात ठेवली, एक शेडखाली. जून संपेपर्यंत अंगणातली झडायला लागली. रोज सकाळी खाली चार कपच्या पडलेल्या. पावसाचा दोष म्हणून सोडून दिलं, पण मग जिच्यावर थेंबही पडत नव्हता ती शेडखालची कुंडीही का झडावी?

नळ दुरुस्त करायला आलेल्या मिस्त्रींनी गळालेली एक कपची उचलली आणि मागची बाजू अंगठ्याने चोळली. गोंदाचा नुसता चिकट लगदा हाताला लागला. “ताई, पाणी बाहेरून नाही, आतून येतंय. माती पाणी पिते ना.”

मी नक्षीवर पंधरा दिवस घालवले होते आणि कुंडीला आपण रोज आतून पाणी घालतो, हेच विसरले होते. नव्याने शिकणाऱ्यांनी रंगसंगतीचे व्हिडिओ नंतर बघावेत, आधी एवढं डोक्यात पक्कं करावं.

आता मी कुंडी धुऊन, चांगली वाळवून आतून पाणी अडवणाऱ्या लेपाचे दोन हात देते. गच्चीला वापरतात ते सिमेंटमध्ये कालवायचं पांढरं वॉटरप्रूफिंग रसायन त्यासाठी चालतं. तळाचं भोक मात्र बुजू द्यायचं नाही. मी त्यात काडी खोचून ठेवते आणि तरी एकदा विसरलेच. चिकटवायला टाईल्ससाठी पिशवीत मिळतं ते सिमेंटचं अ‍ॅडेसिव्ह घ्यावं. लावण्याआधी कुंडी बाहेरून ओलसर करावी, नाहीतर कोरडी माती मिश्रणातलं पाणी ओढून घेते आणि पकड कच्ची राहते.

टाईल निवडताना भिंतीची साधी चकचकीत सिरॅमिक घ्या. ती सहज फुटते, आणि तिची मागची बाजू खरबरीत, पाणी शोषणारी असल्यामुळे सिमेंट धरते. जमिनीची व्हिट्रिफाइड टाईल जेमतेम अर्धा टक्का पाणी पिते, फोडायलाही जड जाते. सुरुवातीला तिच्या वाटेला जाऊ नये. दहा इंची कुंडीला साधारण पावणेदोन चौरस फूट लागतात, म्हणजे फूटभर लांबी-रुंदीच्या दोन टाईल्स पुरे. दोन गोण्यांमध्ये माझ्या किती कुंड्या होतील, हा हिशोब मी केला तेव्हा जरा घाबरलेच!

फोडताना टाईल गोणपाटात गुंडाळून हातोडीचे हलके टोले द्यायचे, डोळ्यांवर चष्मा हवाच. कुंडी गोल असते, त्यामुळे तुकडे नखाएवढे ते फार तर अंगठ्याच्या पेराएवढे ठेवा. मोठा तुकडा मधे टेकतो आणि कडेने उचललेला राहतो. त्याच कडेने नंतर बोट कापतं.

उभ्या कुंडीवर तुकडे घसरतात. म्हणून घमेल्यात वाळू घेऊन कुंडी आडवी निजवायची, वरचा तिसरा हिस्सा करायचा, दुसऱ्या दिवशी फिरवायची. तीन दिवस लागतात. घाईची माणसं इथेच कंटाळतात, मीही कंटाळते. कपच्यांमध्ये दोन-तीन मिलिमीटर जागा सोडावी.

सगळं घट्ट झालं की दरजा, म्हणजे या फटी, भरायच्या. पांढरं सिमेंट आणि हवा तर रंगासाठी चमचाभर लाल ऑक्साईड पाण्यात दह्याएवढं घट्ट कालवून बोटांनी दाबून बसवायचं. रबरी हातमोजे घाला. मी पहिल्यांदा नुसत्या हातांनी केलं आणि आठवडाभर भाकरी थापताना बोटं चुरचुरत होती. पाऊण तास झाला की ओलसर, पिळलेल्या स्पंजने पुसा. स्पंज टपटपता असला तर दरजाच धुऊन निघतात. मग चार-पाच दिवस ओलं गोणपाट गुंडाळून ठेवा. सिमेंट वाळलं म्हणजे झालं असं नाही, त्याला पाणी पाजावं लागतं.

यापुढची चूक मी झाड लावल्यावर केली. कुंडी साधी असताना तिच्या अंगातूनही पाणी उडून जायचं. आतून लेप, बाहेरून टाईल झाल्यावर तो रस्ता बंद झाला. मी मात्र सवयीने रोज तांब्याभर ओतत राहिले आणि अडेनियमचं बूड कुजलं. तेव्हापासून बोट दोन पेरं मातीत खुपसते, कोरडं लागलं तरच पाणी. कुंडीही दोन विटांवर ठेवते, म्हणजे भोकातून निघालेलं पाणी अडत नाही.

विकायचा विचार असेल तर पहिल्या चार-पाच कुंड्या घरीच ठेवा आणि एक पावसाळा जाऊ द्या. माझी पहिली गिऱ्हाईक शेजारच्या काकू. त्यांनी सासूबाईंच्या फुटलेल्या कपाचा कान आणून दिला आणि “हा मधोमध बसव” म्हणाल्या. बसवला, पण कान बाहेर आलेला, त्यामुळे कुंडी उचलताना प्रत्येकजण त्यालाच धरतो. दोनदा निखळला. तिसऱ्यांदा मी अर्धी जाडी अ‍ॅडेसिव्हच्या थरात रुतवून बसवला आणि काकूंना सांगितलं, कुंडी बुडाशी धरून उचला.