लहान शिडाच्या होडीचे लाकूडकाम आणि आउटबोर्ड इंजिनाची निवड

मुंबई बंदरातील शिडाच्या छोट्या होड्या मे महिन्याच्या अखेरीस पाण्याबाहेर काढल्या जातात आणि पावसाळा सरल्यावर पुन्हा पाण्यात उतरतात. उतरण्याआधीच्या आठवड्यांत होडीमालकाचे लक्ष बहुधा नव्या इंजिनाकडे असते. माझा आग्रह मात्र असा, की आधी लाकूड पाहावे. होडीच्या मागच्या बाजूला ज्या लाकडी फळीवर इंजिन आवळायचे, तीच आतून कुजली असेल, तर चांगल्यातले चांगले इंजिनही एखाद्या लाटेसरशी समुद्रात जाऊ शकते.

पाहणीला स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. फळीच्या कडा, बोल्टची भोके आणि सुकाणूचा दांडा जिथे बसतो ते टोक, या जागी तो दाबून पाहावा. सहज रुतला तर तिथले लाकूड गेले असे समजावे. लाकडात पाणी मुख्यतः शिरते ते तंतू आडवे कापल्या गेलेल्या टोकांतून आणि भोकांतून. प्लायवूडच्या फळीचे थर सुटले असतील, तर डागडुजीत वेळ न घालवता मरीन प्लायची नवी फळी कापावी, भोके मुद्दाम मोठी पाडून ती इपॉक्सीने, म्हणजे दोन घटक मिसळून कडक होणाऱ्या राळेने, भरावीत आणि इपॉक्सी कडक झाल्यावर त्यातच बोल्टच्या मापाचे भोक पाडावे, म्हणजे बोल्ट लाकडाला शिवत नाही.

सागवानी भागांवरचे सुटलेले वार्निश पूर्ण खरवडून काढावे आणि नंतर ८०, १२० आणि २२० नंबरच्या पॉलिश पेपरने, नेहमी तंतूंच्या दिशेनेच, घासावे. लोखंडी स्क्रूभोवतीचे काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने निघतात. ते विषारी असल्याने हातमोजे आणि चष्मा घालावा, नंतर लाकूड गोड्या पाण्याने भरपूर धुऊन दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्यावे. सागात मूळचे तेल असते, म्हणून वार्निशचा पहिला हात देण्याच्या अगदी आधी ॲसिटोनच्या फडक्याने पुसून घ्यावे.

फर्निचर करणारे सुतार अनेकदा मेलामाइन पॉलिश सुचवतात. घरात ते सुंदर दिसते, परंतु उन्हात आणि खाऱ्या पाण्यात ते तडकते. होडीला उन्हाचा मारा सोसणारे, लाकडाबरोबर ताणले जाणारे मरीन वार्निशच हवे. पहिला हात निम्मे थिनर घालून द्यावा, म्हणजे तो तंतूंत मुरतो. पुढचे हात क्रमाने दाट करावेत आणि प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर ३२० नंबरचा पेपर हलकेच फिरवून पुढचा द्यावा. सहा हातांहून कमी देऊ नयेत. सकाळचे दव सुकल्यावर काम सुरू करून दुपारचा खारा वारा धूळ आणण्याआधी आटोपावे. एकदा मी सुकाणूच्या दांड्याचा शेवटचा हात संध्याकाळी दिला; रात्री दव पडले आणि सकाळी सगळा दांडा ताकासारखा पांढुरका झाला होता. तो हात पुरता घासून काढावा लागला.

आता इंजिन. येथे अश्वशक्तीपेक्षा शाफ्टची, म्हणजे इंजिनापासून खाली पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याची, लांबी महत्त्वाची आहे. शाफ्ट साधारणतः १५, २० आणि २५ इंचांचे मिळतात. नेहमीइतकी माणसे होडीत बसवून फळीच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि पंखा पाण्याखाली चांगला बुडेल असाच शाफ्ट घ्यावा. शिडाची होडी लाटेवर नाळ, म्हणजे पुढचे टोक, खाली घालते तेव्हा मागची बाजू उचलली जाते; शाफ्ट तोकडा असेल तर पंखा हवेत फिरतो आणि नेमकी गरज असताना होडी थांबते.

अश्वशक्तीचा हिशेब सोपा आहे. पाण्याच्या रेषेवर होडीची लांबी १७ फूट असेल, तर तिचा नैसर्गिक कमाल वेग सुमारे साडेपाच नॉट (तासाला सागरी मैल) असतो. त्यापुढे मोठे इंजिन लावून पेट्रोलच जळते. उधाणाच्या ओहोटीला उलट जाताना यातले दोन-तीन नॉट प्रवाहच खातो, म्हणून अशा, एकूण सुमारे २० फूट लांबीच्या होडीला ४ ते ६ अश्वशक्ती योग्य ठरते. फोर-स्ट्रोक प्रकारात ४, ५ आणि ६ अश्वशक्तीची इंजिने बहुधा सारख्याच वजनाची, साधारण २५ ते २७ किलोंची असतात. त्यामुळे वजनाच्या भीतीने लहान इंजिन घेण्यात अर्थ नाही. कमी पिचचा, म्हणजे वेगापेक्षा जोर देणारा पंखा मिळत असेल, तर तोच मागावा.

आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते ओलावा शोषते, म्हणून पावसाळ्याआधी टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करावेत. प्रत्येक फेरीनंतर इंजिन गोड्या पाण्यावर चालवून आतले मीठ धुवावे. चालू असताना मागून पडणारी पाण्याची बारीक धार सतत पाहावी. बंदरात तरंगणारी प्लास्टिकची पिशवी पाणी ओढणाऱ्या जाळीवर बसली की धार तुटते आणि इंजिन लगेच बंद करून जाळी मोकळी करावी लागते.

पहिली चाचणी भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला, प्रवाह मंद असताना घ्यावी, शीड उभारण्याच्या तयारीत ठेवावे, आणि क्लॅम्प कितीही घट्ट आवळले असले तरी इंजिनाला जाड दोरी बांधून तिचे दुसरे टोक होडीच्या मजबूत कडीत अडकवावे.