इंटर्नशिपचा शेवटचा आठवडा: सोमवारपासून काय काय उरकायचं

सॉफ्टवेअर कंपनीतल्या इंटर्नशिपच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांचा जीव प्रेझेंटेशनमध्ये अडकलेला असतो. तरी यादी करायला बसाल तेव्हा सर्वांत वर दुसऱ्यांच्या हातात असलेली कामं लिहा. स्लाइड्स एका रात्रीत होतात, सह्या मिळत नाहीत. सोमवारी सर्वांत आधी मेंटॉरला विचारा, त्यांची या आठवड्यात रजा आहे का. कॉलेजचा मूल्यमापन फॉर्म, उपस्थितीचा तक्ता, अहवालाच्या पहिल्या पानावरची सही, जे काही लागणार असेल ते एकाच मेलमध्ये, कोणत्या तारखेपर्यंत हवं ते लिहून पाठवा. एचआरकडे प्रमाणपत्राचा मसुदा आधी मागा आणि नीट वाचा. नाव गुणपत्रिकेवर आहे तसंच हवं, सुरुवातीची आणि शेवटची तारीख कॉलेजच्या फॉर्मशी जुळायला हवी. नंतर दुरुस्ती करून घ्यायला फार हेलपाटे पडतात.

मंगळवारी नवीन काहीही लिहायचं थांबवा. हे जड जातं, कारण नेमकं याच वेळी काम हाताला बसलेलं असतं आणि ‘एवढं एक फीचर टाकतो’ असं वाटतं. टाकू नका. अर्धवट फीचर मागे सोडण्यापेक्षा ‘हे राहिलं, कारण अमुक’ अशी चार ओळींची नोंद मागून येणाऱ्याला जास्त उपयोगी पडते.

मग हँडओव्हर, म्हणजे आपलं काम मागून येणाऱ्याच्या हाती सोपवणं. माझ्या मते आठवड्यातला सर्वांत जास्त वेळ याला द्यावा. लॅपटॉपवरच राहिलेला सगळा कोड पुश करा, म्हणजे टीमच्या सामायिक साठ्यात टाका, उघडे पुल रिक्वेस्ट (आपले बदल मुख्य कोडमध्ये घ्या, अशी विनंती) मर्ज तरी करून घ्या नाहीतर कारण लिहून बंद करा. रीडमी फाइल (प्रकल्प कसा चालवायचा ते सांगणारी) लिहून झाली की टीममधल्या कुणाला तरी ती देऊन शेजारी गप्प बसा. त्याने रिकाम्या फोल्डरपासून सुरुवात करून प्रकल्प चालू करून दाखवायचा. तो जिथे अडेल आणि मान वर करून तुमच्याकडे बघेल, तिथे रीडमीत एक ओळ कमी आहे. बहुतेक वेळा ती एखाद्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची, म्हणजे कोडच्या बाहेर मशीनवर ठेवलेल्या सेटिंगची असते. तुमच्या मशीनवर तो कधीचा सेट असतो, म्हणून तो लागतो हेच डोक्यातून गेलेलं असतं. त्याचं नाव आणि नमुना लिहा. खरा पासवर्ड किंवा एपीआय की (दुसऱ्या सेवेशी जोडणारी गुप्त चावी) मात्र फाइलमध्ये टाकू नका, ती कंपनीच्या ठरलेल्या जागीच राहू द्या.

तुमच्या अकाउंटच्या जिवावर काय काय चालतंय, तेही शोधा. रोज रात्री आपोआप चालणारी स्क्रिप्ट, तुमच्या टोकनवर (तुमच्या अकाउंटच्या प्रवेश-चावीवर) अपडेट होणारा डॅशबोर्ड, तुमच्या ड्राइव्हमधली पण सगळी टीम वापरते ती शीट. अकाउंट बंद झालं की यातलं बरंच काही एकाएकी थांबू शकतं, आणि का थांबलं हे सांगायला तुम्ही तिथे नसता. मालकी दुसऱ्याच्या नावावर करून घ्या. करून बघितलेले पण न जमलेले उपायही लिहून ठेवा, म्हणजे पुढचा माणूस त्याच भिंतीवर पुन्हा डोकं आपटणार नाही.

अहवाल कॉलेजला नंतर द्यायचा असला तरी त्यातले स्क्रीनशॉट आणि आकडे याच आठवड्यात लागतील. कोणते दाखवायला चालतील हे मेंटॉरला लेखी विचारा आणि तेवढेच घ्या. कंपनीचा कोड किंवा डेटा परवानगीशिवाय सोबत नेऊ नका, गोपनीयतेच्या करारावर तुम्ही बहुतेक वेळा सही केलेली असते. स्टायपेंडच्या पावत्या, ऑफर लेटर, प्रमाणपत्र ही तुमची स्वतःची कागदपत्रं मात्र वैयक्तिक मेलवर घ्या.

प्रेझेंटेशनसाठी बुधवार-गुरुवार पुरतात. अडचण काय होती, इथून सुरुवात करा. आधी किती वेळ लागायचा आणि आता किती लागतो, असा एखादा आकडा पहिल्या दोन मिनिटांत येऊ द्या. डेमोचा व्हिडिओ रेकॉर्ड करून ठेवा, ऐनवेळी नेटवर्क गेलं तरी बोलणं थांबायला नको. आणि घड्याळ लावून मोठ्याने सराव करा, मनातल्या मनात म्हटलेलं भाषण नेहमी लहान वाटतं.

मेंटॉरबरोबर अर्धा तास वेगळा मागून घ्या. ‘माझं काम कसं वाटलं?’ असं विचारलं तर ‘छान’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी ‘मी मदत मागायला कुठे उशीर केला?’ किंवा ‘माझा कोड तपासताना कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागली?’ असं विचारा आणि उत्तर तिथेच लिहून घ्या. पुढे शिफारसपत्र लागणार असेल तर तेही याच बैठकीत विचारा. रेझ्युमेत लिहायच्या ओळीही दाखवा, त्यातले आकडे बरोबर आहेत का आणि बाहेर सांगायला चालतील का ते कळेल.

शुक्रवारी ज्यांनी खरंच वेळ दिला त्यांचे आभार माना, कशाबद्दल तेही सांगा. मग ब्राउझरमधून आपली वैयक्तिक खाती लॉग आउट करा, खासगी फाइल्स काढा, लॅपटॉप, चार्जर आणि ओळखपत्र जमा करा. जमा केल्याची पोच वैयक्तिक पत्त्यावर मागा, ऑफिसचा मेलबॉक्स संध्याकाळपर्यंत बंद झालेला असू शकतो.