नातवाला घेऊन अचानक राणीच्या बागेत
सकाळी उठल्यावर नातवाला घेऊन भायखळ्याच्या राणीच्या बागेत जावे असे मनात आले, तर आधी वार पाहावा, कारण बुधवारी बाग बंद असते आणि दारातून परतताना लेकराचा हिरमुसलेला चेहरा बघवत नाही. मुलाला-सुनेला सांगूनच निघावे. पिशवीत पाणी, कपड्यांचा एक जोड आणि तूप-साखर लावलेल्या पोळीची सुरळी एवढे पुरे. हम्बोल्ट पेंग्विन आधी दाखवावेत, आणि काचेला नाक चिकटवून मूल उभे राहिले, की त्याला मुळीच घाई करू नये. वाघ राहिला तरी चालेल. दुपारच्या झोपेआधी मात्र परतीची गाडी पकडावी, कारण झोपलेले मूल खांद्यावर घेऊन स्थानकाचा जिना चढणे या वयात गुडघ्यांना झेपत नाही.