शेव्हरोलेच्या जुन्या स्मॉल-ब्लॉक व्ही-८ इंजिनाचे इग्निशन ट्यूनिंग कसे करावे

शेव्हरोलेने १९५५ साली आणलेले स्मॉल-ब्लॉक व्ही-८ इंजिन पुढे २८३, ३२७, ३५० घनइंच अशा आकारांत निघत राहिले, आणि १९७५ मध्ये जनरल मोटर्सने इलेक्ट्रॉनिक इग्निशन सरसकट बसवेपर्यंत त्यातील बहुतेकांवर डेल्को-रेमीचा पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक सिलिंडरला पाळीने ठिणगी पोचवणारा भाग) असे. पॉइंट म्हणजे त्यातील उघडमिट करणारे संपर्क; ते उघडले की ठिणगी पडते. खालील कृती आणि आकडे त्याच जोडीचे आहेत. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना १९२८ ते १९५४ या काळात होता. तिथे जोडलेल्या शेव्हरोलेमध्ये हे इंजिन असणे शक्य नाही, म्हणून त्या गाड्यांना हे आकडे लावू नयेत.

या कामात क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी प्लग, मग पॉइंट, त्यानंतर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, आणि सर्वांत शेवटी हवा-पेट्रोलचे मिश्रण करणारा कार्बोरेटर. पॉइंटची गॅप बदलली की ते उघडण्याचा क्षण बदलतो आणि त्याबरोबर टायमिंगही सरकते, त्यामुळे टायमिंग आधी लावून मग पॉइंटला हात लावला तर ते काम पुन्हा करावे लागते. गाडी झटके देते म्हणून थेट कार्बोरेटर उघडणारे पुष्कळ आहेत, पण दोष बहुधा ठिणगीत असतो.

इंजिन थंड असताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी आणि प्लगच्या वायरींवर चिकटपट्टीने क्रमांक लिहावेत. चालकाच्या जागेवरून पाहिल्यास डाव्या ओळीत पुढून मागे १, ३, ५, ७ आणि उजव्या ओळीत २, ४, ६, ८ असे सिलिंडर आहेत. वायर ओढून न काढता तिची टोपी पिळून सैल करावी. काढलेले प्लग क्रमाने मांडावेत, कारण त्यांच्या टोकाचा रंग बरेच सांगतो: फिकट तपकिरी असेल तर सर्व ठीक आहे, कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे, आणि तेलकट काळा थर असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हची सिले झिजली आहेत, ज्यावर इग्निशनचा कोणताही उपाय चालणार नाही. नव्या प्लगची गॅप, म्हणजे टोकांमधील फट, ०.०३५ इंच ठेवावी आणि ती तारेच्या गेजने तपासावी.

डिस्ट्रिब्युटरची कॅप दोन स्प्रिंगच्या स्क्रूंनी धरलेली असते. ते दाबून अर्धा फेरा फिरवले की ती सुटते. कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ दिसल्यास ठिणगी तिथून वाट काढते आहे असे समजावे आणि कॅप बदलावी. कॅपखालचा फिरणारा तुकडा म्हणजे रोटर दोन स्क्रूंनी बसवलेला असतो, आणि त्याच्या खालच्या दोन खुंट्यांपैकी एक गोल व एक चौकोनी असल्यामुळे तो उलटा बसत नाही. रोटर उचलला की वेगाबरोबर ठिणगी लवकर पाडणाऱ्या सेंट्रिफ्यूगल ॲडव्हान्सची वजने दिसतात. ती बोटाने बाहेर ढकलून सोडल्यावर स्प्रिंगने सहज परत यायला हवीत; गंजून अडकली असतील तर साफ करून तेलाचा एक थेंब द्यावा.

जुने पॉइंट आणि कंडेन्सर एकत्रच बदलावेत. दोन्हींच्या वायरी नीट आत दाबून बसवाव्यात. त्या वजनांच्या पट्टीला घासल्या तर गाडी अधूनमधून बंद पडते आणि कारण लवकर सापडत नाही. पॉइंटचा घासणारा ठोकळा कॅमच्या (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) उंचवट्यावर असताना नव्या पॉइंटची गॅप ०.०१९ इंच ठेवावी आणि कॅमला ग्रीस अगदी नखभर लावावे, कारण जास्तीचे ग्रीस उडून पॉइंटवर बसते.

मात्र ही गॅप केवळ इंजिन चालू होण्यापुरती आहे. खरे माप ड्वेलचे, म्हणजे पॉइंट किती अंश मिटलेले राहतात याचे. आठ सिलिंडरांमुळे प्रत्येक ठिणगीच्या वाट्याला डिस्ट्रिब्युटरचे ४५ अंश येतात आणि त्यांपैकी ३० अंश पॉइंट मिटलेले असावेत, म्हणजे ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज बनवणाऱ्या कॉइलला भारित व्हायला पुरेसा वेळ मिळतो. १९५७ पासूनच्या कॅपला धातूची सरकती खिडकी आहे. ड्वेल मीटर जोडून, इंजिन चालू ठेवून, खिडकीतून पॉइंटच्या स्क्रूत १/८ इंची ॲलन की घालावी आणि काटा ३० वर आणावा. २८ ते ३२ चालते. मीटर नसल्यास इंजिन मिसिंग करू (ठिणगी चुकवू) लागेपर्यंत स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवावा आणि तिथून अर्धा फेरा मागे घ्यावा. ही युक्ती कंपनीनेच सुचवलेली आहे आणि रस्त्यात अडल्यावर ती पुरेशी ठरते.

आता टायमिंग. इंजिन गरम करावे, हँडब्रेक ओढावा, गॅरेजचे दार उघडे ठेवावे आणि बाही पंख्यापासून दूर ठेवावी. डिस्ट्रिब्युटरला जाणारी व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (इंजिनाच्या ओढीने टायमिंग बदलणारी) नळी काढून तिचे तोंड बंद करावे. टायमिंग लाइटची चिमटी १ क्रमांकाच्या वायरला लावून प्रकाश इंजिनाच्या पुढच्या बॅलन्सरवर (क्रँकशाफ्टच्या टोकावरील चाकावर) धरावा. त्यावरील रेघ आधी खडूने पांढरी केली तर दिसणे सोपे जाते. साठच्या दशकातील बऱ्याच गाड्यांना टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर असण्याच्या क्षणाच्या) आधी ४ अंश हा आकडा लागतो, तरीही आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधील आकडाच अंतिम मानावा. डिस्ट्रिब्युटरचा ९/१६ इंची बोल्ट थोडा सैल करावा. रोटर वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणून बॉडी उलट दिशेने फिरवल्यास टायमिंग ॲडव्हान्स होते, म्हणजे ठिणगी लवकर पडते. बोल्ट आवळल्यावर रेघ पुन्हा पाहावी, कारण आवळताना बॉडी हमखास जराशी हलते.

आकडा बरोबर असूनही गाडी सुस्त वाटत असेल तर बॅलन्सरवर संशय घ्यावा. त्याची बाहेरची कडी रबरावर बसवलेली असते, आणि जुने रबर सैल होऊन कडी सरकली की रेघच खोटी पडते. अशा वेळी १ क्रमांकाच्या प्लगच्या भोकातून पिस्टन स्टॉप (पिस्टन अडवणारा दांडा) घालून टीडीसी नव्याने शोधावी लागते.

वायरी कॅपवर घड्याळाच्या दिशेने १-८-४-३-६-५-७-२ या फायरिंग ऑर्डरने लावाव्यात. ५ आणि ७ हे शेजारचे सिलिंडर लागोपाठ पेटतात, म्हणून त्यांच्या वायरी एकमेकींना चिकटून समांतर जाऊ देऊ नयेत. एकीतला विद्युतदाब दुसरीत उतरून ७ वेळेआधीच पेटू शकतो.

व्हॅक्यूमची नळी परत जोडून चढावर गाडी चालवून पाहावी. जोर देताना इंजिन नॉकिंग (ठकठक आवाज) करत असेल तर टायमिंग २ अंश मागे घ्यावे. नवे पॉइंट वारंवार जळत असतील तर कॉइलकडे जाणारी रेझिस्टर वायर कोणी काढून साधी वायर टाकली आहे का, ते पाहावे, कारण पूर्ण १२ व्होल्ट फक्त स्टार्टर फिरताना मिळावेत अशी मूळ योजना आहे. पहिल्या काहीशे मैलांत घासणारा ठोकळा बसत जातो, गॅप कमी होते आणि टायमिंग मागे सरकते, म्हणून त्यानंतर ड्वेल आणि टायमिंग याच क्रमाने एकदा तपासावे.