व्ही-बेल्ट वारंवार तुटतोय? या चुका टाळा

व्ही-बेल्ट, म्हणजे मोटरची गती मशीनला देणारा V आकाराचा रबरी पट्टा, तुटला की नवा चढवायचा आणि मशीन चालू करायचं, इथेच पहिली चूक होते. जुना बेल्ट फेकण्याआधी उजेडात धरून पाहा. एकच बाजू जास्त घासली असेल तर पुल्या (बेल्ट ज्यांवर फिरतो ती खाचेची चाकं) एका रेषेत नाहीत. दोन्ही बाजू काचेसारख्या गुळगुळीत आणि कडक झाल्या असतील तर बेल्ट घसरून तापत होता. आतल्या अंगाला आडव्या भेगा असतील तर उष्णतेवर किंवा फार लहान पुलीवर संशय घ्या.

आणि रबर धडधाकट असूनही बेल्ट मध्येच तुटला असेल, तर तो चढवला कसा होता ते आठवा. टॉमी (लोखंडी दांडा) किंवा स्क्रूड्रायव्हर अडकवून बेल्ट पुलीवर ओढला की आतल्या दोऱ्या तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मोटरचे बोल्ट सैल करा, मोटर सरकवा. बेल्ट हाताने सहज बसला पाहिजे.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे पुलीची खाच. व्ही-बेल्ट बाजूंनी पकड घेतो, तळाने नाही. खाच झिजली की बेल्ट खाली बसतो, तळाला टेकतो आणि घसरतो. खाचेचा तळ चकाकताना दिसला तर पुली बदला. तिथे कितीही नवे बेल्ट घातले तरी टिकणार नाहीत.

ताण अंदाजाने देऊ नका. उत्पादकाने सांगितलेल्या जोराने दोन पुल्यांच्या मधोमध दाबल्यावर बेल्ट दर मीटर अंतरामागे साधारण 16 मिमी दबावा, म्हणजे अर्ध्या मीटरला 8 मिमी. सैल बेल्ट सुरू होताना किंचाळतो, हे सगळ्यांना कळतं. जास्त ताणलेला मात्र गप्प राहून बेअरिंग खातो, म्हणून मला तो अधिक धोकादायक वाटतो. नवा बेल्ट सुरुवातीला सैलावतोच; 24 ते 48 तास चालल्यावर ताण पुन्हा तपासा. ही तपासणी बहुतेक ठिकाणी राहून जाते.

आवाज बंद करायला बेल्टवर चिकट स्प्रे मारू नका. त्यावर धूळ बसते, रबरही खराब होतं आणि मूळ दोष तसाच राहतो.

एका पुलीवर तीन-चार बेल्ट असतील तर सगळे एकदम बदला. जुने ताणून लांबलेले असतात, त्यामुळे सगळा भार एकट्या नव्यावर येतो.

यातलं काहीही करताना वीज बंद करून स्विचला कुलूप लावा, आणि काम संपल्यावर गार्ड (बेल्टवरचं संरक्षक झाकण) परत बसवा.