ध्येय ठरवणे आणि मॅनिफेस्ट करणे: आपल्या वाक्यातले क्रियापद तपासून पाहा

माझी भाची पुण्याच्या नवी पेठेतील एका अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करते. ती जवळच कॉट बेसिसवर राहते आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद असते म्हणून कोथरूडला माझ्याकडे जेवायला येते. काही महिन्यांपूर्वी तिने आपली वही माझ्यासमोर उघडून ठेवली. शेवटच्या पानांवर ‘मी उपजिल्हाधिकारी झाले आहे’ हे एकच वाक्य सकाळी तीनदा, दुपारी सहादा आणि रात्री नऊदा, असे कित्येक दिवस न चुकता लिहिलेले होते. तिने मला विचारले, “मावशी, तुम्ही सगळे ध्येय लिहून काढ म्हणता, आणि मी हे लिहिते. दोन्ही लिहायचंच, मग फरक काय?” प्रश्न इतका सरळ होता की त्याचे उत्तर नीट शोधणे मला आवश्यक वाटले. हा लेख म्हणजे ते उत्तर, आणि ज्यांना स्वतःच्या वहीवर ते वापरून पाहायचे आहे त्यांच्यासाठी त्याची कृती.

मॅनिफेस्टेशन म्हणजे हवी असलेली गोष्ट मिळालेलीच आहे असे मानून तिचे चित्र मनात, वहीत किंवा व्हिजन बोर्डवर, म्हणजे स्वप्नांची चित्रे चिकटवलेल्या फलकावर, रंगवणे, आणि त्या विचाराच्या बळावर ती आपल्याकडे येईल अशी श्रद्धा ठेवणे. या कल्पनेचे मूळ एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत ‘न्यू थॉट’ या नावाने चाललेल्या विचारप्रवाहात आहे. केंब्रिज शब्दकोशाने २०२४ या वर्षाचा शब्द म्हणून ‘मॅनिफेस्ट’ची निवड केली, इतका तो आता सर्वतोमुखी झाला आहे. ध्येय ठरवणे हे वरवर त्याच्यासारखेच दिसते, कारण दोन्हींचा आरंभ इच्छेपासून होतो.

फरक ओळखण्याची सर्वांत सोपी खूण आपल्या घरातच आहे. पूजेला बसल्यावर गुरुजी आपल्याकडून संकल्प सोडवून घेतात. त्यात आधी देशकालाचा उच्चार होतो, म्हणजे कोणत्या स्थळी आणि कोणत्या तिथीला हे सांगितले जाते. मग करणाऱ्याचे नाव व गोत्र येते. आणि शेवटी ‘करिष्ये’, म्हणजे ‘मी करीन’, असे क्रियापद येते. फळाची इच्छा संकल्पात असते, पण वाक्य संपते ते कृतीवर. भाचीच्या वहीतील वाक्यात स्थळ नव्हते, वेळ नव्हती आणि ‘झाले आहे’ या क्रियापदात तिने करण्यासारखे काहीच उरले नव्हते. आपले वाक्य ध्येयाचे आहे की मॅनिफेस्टेशनचे, हे पाहायचे असेल तर त्याला एकच प्रश्न विचारावा: हे वाक्य वाचून उद्या सकाळी सात वाजता मी कुठे बसून काय करायचे, ते मला कळते का?

हा केवळ व्याकरणाचा मुद्दा नाही. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएले ओटिंगेन यांनी थॉमस वॅडन यांच्यासह १९९१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वजन कमी करण्याच्या एका कार्यक्रमात सहभागी झालेल्या २५ स्त्रियांना त्यांनी दोन वेगवेगळ्या गोष्टी विचारल्या: आपण यशस्वी होऊ असे तुम्हांला कितपत वाटते, आणि यशाची कल्पना केल्यावर तुमच्या मनात कोणती चित्रे येतात. वर्षभरानंतर असे दिसले की ज्यांना यशाची खात्री वाटत होती त्यांचे वजन अधिक उतरले होते, परंतु ज्यांची मनातली चित्रे सर्वांत गुलाबी होती त्यांचे वजन इतरांपेक्षा सरासरी २४ पौंडांनी, म्हणजे जवळपास ११ किलोंनी, कमी उतरले होते. या निष्कर्षाचा पहिला अर्धा भाग विसरू नये, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. आशावाद वाईट नाही. मागच्या अनुभवावर टेकलेला विश्वास माणसाला पुढे नेतो. घात करते ते अडथळ्यांवाचून रंगवलेले चित्र. ओटिंगेन यांनी हेदर कॅपेस यांच्याबरोबर २०११ मध्ये केलेल्या प्रयोगांत अशा सुखद कल्पनारंजनानंतर वरचा रक्तदाब उतरतो, असे आढळले. काम हाती घेताना शरीराला जी ताठरता यावी लागते, ती फळ आधीच चाखल्यामुळे सैल पडते.

आता ध्येयाची बाजू. मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक आणि गॅरी लेथम यांनी अनेक दशकांच्या संशोधनातून दाखवले की ‘होईल तेवढे करा’ असे सांगितल्यापेक्षा नेमके आणि कठीण ध्येय दिल्यावर माणसे अधिक काम करतात. लेथम यांचे १९७५ मधील उदाहरण मला फार आवडते. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक कायद्याने परवानगी असलेल्या वजनाच्या सुमारे ६० टक्केच भरले जात होते. चालकांना फक्त ९४ टक्क्यांचे ध्येय देण्यात आले, जादा पैसे नाहीत, आणि काही महिन्यांत भार सुमारे ९० टक्क्यांवर गेला. प्रत्येक ट्रकचे वजन काट्यावर होत असे, त्यामुळे आपण कुठे आहोत हे चालकाला दर फेरीला कळत होते, आणि माझ्या मते ध्येयाइतकेच महत्त्व त्या काट्याला आहे.

याउलट अनेक कार्यशाळांत अशी गोष्ट सांगितली जाते की येल विद्यापीठाच्या १९५३ च्या तुकडीतील ज्या तीन टक्के विद्यार्थ्यांनी ध्येये लिहून ठेवली, ते पुढे बाकी सर्वांपेक्षा श्रीमंत झाले. असा अभ्यास कधी झालाच नाही. त्यामुळे नुसते लिहिण्यात जादू आहे ही समजूत ध्येयाच्या बाजूनेही सोडावी लागते, आणि भाचीच्या प्रश्नाचा अर्धा निकाल तिथेच लागतो.

कृतीसाठी अर्धा तास, एक कोरे पान आणि बंद केलेला फोन पुरेसा आहे. पानाच्या वर आपली इच्छा एका ओळीत लिहावी आणि ती पूर्ण झाल्यावर काय बदलेल याचे चित्र पाच मिनिटे मनात मोकळेपणाने पाहावे. मॅनिफेस्टेशनमधील जे चांगले आहे, ते इथे घ्यावे. आपल्याला खरोखर काय हवे आहे हे अशा चित्रातूनच कळते. कित्येकदा पदापेक्षा गावी आईवडिलांना मिळणारा मान हवा असतो, आणि तेही कळलेले बरे.

त्यानंतर लगेच, त्याच बैठकीत, या इच्छेच्या आड स्वतःमधील काय येते ते लिहावे. क्रम उलटा करू नये, कारण ओटिंगेन यांच्या प्रयोगांत आधी अडथळा आणि मग स्वप्न असा क्रम ठेवल्यावर लाभ दिसला नाही. हीच पायरी सर्वांत अवघड असते, म्हणून तिथे थोडे रेंगाळावे. बहुतेक जण पहिल्यांदा ‘जाहिरात वेळेवर येत नाही’, ‘जागा कमी आहेत’ असे लिहितात. ते खरे असते, पण ते आपल्या हातात नसते. ती ओळ तशीच ठेवून खाली ‘आणि माझ्याकडून काय होते?’ असे लिहावे. भाचीने पंधरा मिनिटांनी जे लिहिले ते असे: पूर्व परीक्षेतील सी-सॅटचा, म्हणजे गणित, तर्क आणि आकलन तपासणारा पेपर केवळ पात्रतेचा आहे आणि त्यात ३३ टक्के पुरतात, म्हणून ती गणित रोज उद्यावर ढकलत होती. खरे कारण तिने त्याखाली लिहिले, की गणित चुकले की दिवसभर आपण या परीक्षेच्या लायकीचे नाही असे वाटत राहते. ‘मी झाले आहे’ हे वाक्य कितीही वेळा लिहिले असते, तरी ही ओळ त्यातून वर आली नसती.

अडथळा सापडला की त्याच्याशी एक जर-तर जोडावा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी मांडलेली ही पद्धत दिसायला अगदी साधी आहे, पण त्यांनी पास्कल शीरन यांच्यासह २००६ मध्ये ९४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा तिचा परिणाम चांगला ठळक दिसला. तिचे रहस्य असे की निर्णय आधीच घेतलेला असल्यामुळे ऐन वेळी मनाशी वाद घालावा लागत नाही. ‘मी गणित नियमित करीन’ हे पुरेसे नाही. ‘दुपारी जेवून अभ्यासिकेत परतल्यावर फोन उघडावासा वाटला, तर मी तो बॅगेत ठेवीन आणि आधी गणिताचे पाच प्रश्न सोडवीन’ हे वाक्य कामाचे आहे. ‘जर’च्या बाजूला डोळ्यांना दिसेल किंवा मनाला जाणवेल असा क्षण हवा आणि ‘तर’च्या बाजूला पाच-दहा मिनिटांत सुरू होणारी कृती हवी. सुरुवातीला दोनच जर-तर पुरतात.

मग आकडा ठरवावा, मात्र इथे एक भेद सांभाळावा. जे काम आपल्याला येते, त्यात निकालाचा आकडा चालतो. जे अजून शिकायचे आहे, त्यात शिकण्याचा आकडा ठेवावा. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. वर्षानुवर्षे पर्याय निवडण्याची सवय असलेल्या मुलाने पहिल्याच महिन्यात अमुक गुणांचे ध्येय घेतले तर तो घाबरून जुन्याच पद्धतीला चिकटून राहतो. त्याने ‘या आठवड्यात प्रस्तावना लिहिण्याच्या तीन रीती शिकेन आणि प्रत्येकीने दोन उत्तरे लिहीन’ असे ठरवावे. हनुमान टेकडी पहिल्यांदाच चढणाऱ्यानेही वेळेऐवजी दिवस मोजावेत.

मनातले चित्रही कामाला लावता येते. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील लिएन फॅम आणि शेली टेलर यांनी १९९९ मध्ये परीक्षेच्या तोंडावर असलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना चांगले गुण मिळाल्याचे, तर काहींना अभ्यास करत असल्याचे दृश्य रोज काही मिनिटे डोळ्यांसमोर आणायला सांगितले. ज्यांनी अभ्यासाचे दृश्य पाहिले त्यांनी अधिक चांगले गुण मिळवले. तेव्हा भिंतीवर लाल दिव्याच्या गाडीऐवजी आपले टेबल, पुस्तक आणि घड्याळात वाजलेले सात यांचे चित्र लावावे.

पैशाच्या बाबतीत मात्र मी अधिक कठोरपणे बोलेन. क्वीन्सलंड विद्यापीठातील संशोधकांच्या २०२३ मधील अभ्यासात, हजाराहून अधिक सहभागींपैकी ज्यांची मॅनिफेस्टेशनवर श्रद्धा अधिक होती, ते स्वतःला अधिक यशस्वी समजत होते, जोखमीच्या गुंतवणुकीकडे अधिक ओढले जात होते आणि त्यांच्यात दिवाळखोरीचा अनुभवही अधिक आढळला. यावरून श्रद्धेमुळेच दिवाळे निघाले असे म्हणता येत नाही, पण सावध होण्यास एवढे पुरेसे आहे. वाघोलीतील टू-बीएचके सदनिकेचे चित्र कपाटावर लावायला हरकत नाही. त्याखाली दर महिन्याच्या पाच तारखेला किती रक्कम बाजूला पडते आणि कर्जाचा किती हप्ता पेलवेल, हे दोन आकडे नसतील तर टोकनची रक्कम भरू नये.

अडथळा लिहिताना कधी असे दिसते की तो ओलांडता येणारा नाही, किंवा त्याची किंमत आपल्याला परवडणारी नाही. पुण्यात राहून परीक्षा देणाऱ्यांना हे सांगताना मला वाईट वाटते, तरी सांगते. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या गटासाठीही ३८ वर्षांची आहे, त्यामुळे थांबण्याची वेळ बाहेरून कोणी सांगत नाही, आणि ‘मिळालेच आहे’ असे रोज लिहिणाऱ्याला ती स्वतःहून दिसत नाही. म्हणून पानाच्या तळाशी एक तारीख लिहावी. त्या दिवशी चालू ठेवायचे की दुसरी वाट धरायची, हे घरातील एका माणसाला सोबत घेऊन नव्याने ठरवावे. पेपर देऊन झाल्यावर निकालाची वाट पाहताना, जेव्हा हातात करण्यासारखे काहीच नसते, तेव्हा गोड चित्रे खुशाल पाहावीत. त्या काळात ती मनाला आधार देतात.

आठवड्यातून एकदा हे पान काट्यावर ठेवावे. आम्ही ते रविवारी जेवण झाल्यावर करतो. किती दिवस ठरल्याप्रमाणे झाले एवढेच भाची सांगते, मी कारणे विचारत नाही. चार दिवसांपेक्षा कमी भरले तर ध्येय बदलण्याआधी जर-तरचे वाक्य बदलायचे, असे आम्ही ठरवले आहे. दुसऱ्या आठवड्यात तिचे दोनच दिवस भरले, कारण जेवणानंतर तिला झोप येत होती. तेव्हा तिने ‘दुपारी जेवून’ हे शब्द खोडले आणि त्यांच्या जागी ‘सकाळी अभ्यासिकेत शिरल्याबरोबर’ असे लिहिले.