‘रॅकेट’ म्हणजे फक्त बॅट नव्हे! इंग्रजी लिहिताना या चुका टाळा

किडनीचं रॅकेट, बनावट नोटांचं रॅकेट आणि बॅडमिंटनची रॅकेट, एवढ्यावर आपलं भागतं. मग परीक्षेच्या उताऱ्यात कुणी ‘स्टॉप दॅट रॅकेट!’ असं ओरडलं की पोरं ‘तो घोटाळा थांबवा’ असं लिहून मोकळी होतात. तो बिचारा एवढंच म्हणत असतो, ‘कालवा बंद करा!’

सोलापूरकरांनी इथे ‘गोंगाट’ आठवत बसू नये, आपला ‘कालवा’च चपखल आहे. सलग चाललेला, धरबंध नसलेला, डोकं उठवणारा आवाज म्हणजे रॅकेट. सुतळी बॉम्ब एकदाच फुटला तर ती ‘बँग’. पण पूर्व भागात पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमाग एकदम चालू असतात, धोटा या टोकाहून त्या टोकाला आपटत असतो, शेजारच्याशी बोलायला त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं, ते खरं रॅकेट. या शब्दात वैताग भरलेला आहे, हे मात्र विसरू नका. सिद्धेश्वर यात्रेवरच्या निबंधात हलग्यांनी ‘मेड अ रॅकेट’ असं लिहिलंत, तर कौतुक राहिलं बाजूला, तक्रार झाली.

क्रियापद ‘मेक’च. ‘डूइंग रॅकेट’ नको आणि ‘रॅकेट इज कमिंग’ तर मुळीच नको.

स्पेलिंगमध्येही गोची आहे. खेळाच्या रॅकेटची दोन स्पेलिंगं चालतात, शेवटी ‘के-ई-टी’ किंवा ‘क्यू-यू-ई-टी’. आवाज आणि घोटाळा यांना फक्त ‘के’वालं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तिन्ही अर्थांना एकाच मुळाशी बांधणं. खेळाची रॅकेट फ्रेंचमधून आली. तिच्यामागे तळहाताचा अरबी शब्द असावा, असं बरेच कोशकार मानतात. ते पटण्यासारखं आहे, कारण टेनिसचा पूर्वज असलेला फ्रेंच खेळ आधी नुसत्या हातानेच खेळत आणि त्याचं नावही ‘तळहाताचा खेळ’ असंच होतं. कालव्याचं रॅकेट वेगळं. इंग्रजीत ते सोळाव्या शतकापासून दिसतं आणि बहुधा आवाजाच्या नकलेतूनच घडलं. गुन्हेगारीचा अर्थ त्यातूनच फुटला असावा. खिसेकापू आधी गलका करून लोकांचं लक्ष उडवत, ही गोष्ट रंगतदार आहे, पण तिला पुरावा समजून उत्तरपत्रिकेत ठोकून देऊ नका. ‘रॅकेटियर’ तर अगदी अलीकडचा, 1920च्या दशकातल्या अमेरिकेतला.

उच्चारात ‘रॉकेट’शी गल्लत करणारेही आहेत. होम मैदानावर शोभेच्या दारूत उडतं ते रॉकेट, आणि त्याचं मूळ इटालियन ‘रोक्केत्तो’, म्हणजे सूत गुंडाळायची बॉबिन. आकार तसाच असतो म्हणून हे नाव पडलं. यंत्रमागाच्या गल्लीतल्या पोराला हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.